आधी फळ्याचा फोटो

सुंदरीअक्का मगदूम यांच्याविषयी आमच्या कॉलनीत दोन मतं होती. एक, बाईचं डोकं ठिकाणावर नाही. दुसरं, डोकं ठिकाणावर आहे, पण त्याला उद्योग नाही. मी आधी पहिल्या मताचा होतो, मग दुसऱ्या मताचा झालो, आणि आता या दोन्ही मतांच्या लोकांशी कडाकडा भांडतो. उतारवयात माणसाला भांडायला एक तरी चांगलं कारण लागतं. ते मला सुंदरीअक्कांनी दिलं.

आधी माझं सांगून टाकतो, म्हणजे सांगणारा कोण ते कळेल. मी जयराज, मूळचा म्हसवडचा. फौजेत सतरा वर्षं काढून हवालदार म्हणून बाहेर पडलो, पण आमच्या भागात फौजेतनं आलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणायची पद्धत असल्यामुळे मीही मेजर. मुलीच्या शिक्षणासाठी इकडे आलो आणि सांगली-मिरजेच्या मधल्या धनपाल कॉलनीत घर बांधलं. बेचाळीस घरं. त्यातली तीसेक जैनांची, बाकी आमच्यासारखी इकडून तिकडून आलेली. मधोमध जिनमंदिर आणि त्याच्या मागं कॉलनीची मोकळी जागा. तिला आम्ही बाग म्हणतो. बाग म्हणजे एक कडुनिंब, सिमेंटची दोन बाकडी, गंजलेली घसरगुंडी, चारी बाजूंनी कमरेइतका कठडा आणि उरलेली सगळी माती. पाहुण्यांना दाखवायला न्यावी अशी ती बाग नाही.

सुंदरीअक्का भावाच्या घरात वरच्या खोलीत राहतात. लग्न केलं नाही. मिरजेच्या एका दवाखान्यात तीस वर्षं एक्स-रे काढले. अंधाऱ्या खोलीत उभं राहून हजारो माणसांना "हात वर, श्वास रोखा, हलू नका" म्हणाल्या. निवृत्त झाल्या त्या दिवशी सोबतच्यांनी त्यांना एक छोटा कॅमेरा भेट दिला. त्यांना वाटलं असेल, बाई आता सम्मेदशिखरजीच्या यात्रेला वगैरे जाईल, तिथले फोटो काढेल. अक्का दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता घराबाहेर पडल्या आणि समोरच्या गटारीवरच्या फरशीचा फोटो काढला. त्यानंतर सात वर्षं एक दिवस चुकला नाही.

कशाचे फोटो, म्हणाल तर कशाचेही. झाडलोट करणारी मनुबाई कडुनिंबाखाली डबा खाताना. इस्त्रीवाल्याची गाडी. मैदानात वाळत घातलेल्या शेवया आणि त्यांच्यावर नजर ठेवून असलेला कावळा. घसरगुंडीवर उलटं चढणारी पोरं. कोपऱ्यावरच्या खड्ड्याचा फोटो त्या दर सोमवारी काढायच्या, कारण खड्डा भरत आलाय की वाढतोय हे एका फोटोवरून कळत नाही. महापूर आला त्या वर्षी सांगलीच्या जुन्या गावभागातली माणसं आमच्याकडे नातेवाइकांच्या आसऱ्याला आली होती. पूर ओसरल्यावर त्यांच्या ओल्या गाद्या आठवडाभर या बागेत वाळल्या. त्या गाद्यांचेही रोजचे फोटो अक्कांकडे आहेत. मी एकदा न राहवून विचारलंच, की यात बघण्यासारखं काय असतं?

अक्का म्हणाल्या, "मेजर, छातीचा फोटो काढतोय तवा आत काय बघण्यासारखं असंल म्हणून काढतोय व्हय? हाय का न्हाई ते कळाय पायजे म्हणून काढतोय."

मला पटलं नाही.

त्यांची एक रीत मात्र ठरलेली होती. बाहेर पडलं की पहिला फोटो मंदिराच्या दारातल्या फळ्याचा. आमचे उपाध्ये, म्हणजे मंदिराचे पुजारी, रोज सकाळी त्या फळ्यावर खडूनं वीर संवत, तिथी, तारीख, वार आणि सूर्यास्ताची वेळ लिहितात. दिवस मावळायच्या आत जेवणाऱ्या घरांना ती वेळ लागते. लोक येता-जाता फळा बघून भाकरी कधी टाकायची ते ठरवतात. अक्काही बघायच्या, पण कॅमेऱ्यातून. मला वाटायचं, धार्मिक बाई आहे, देवाच्या दारापासून सुरुवात करते. तसं काही नव्हतं. एक्स-रे काढताना पेशंटचं नाव, तारीख आणि डावं-उजवं हे शिशाच्या अक्षरांनी आधी पाटीवर लावायचं असतं, मग फोटो. तीस वर्षांची ती सवय. तारीख नसलेला फोटो म्हणजे बेवारशी हाड, असं त्या म्हणायच्या. आणि ही सवय कामाचीच होती, कारण त्यांच्या कॅमेऱ्याचं बॅटरीचं झाकण पहिल्याच वर्षी तुटलं. रबर लावून ते बसवायचं. बॅटरी जरा हलली की कॅमेरा स्वतःची तारीख विसरायचा आणि परत एक जानेवारी दोन हजार बारा या दिवशी जाऊन बसायचा. त्यांच्या सगळ्या फोटोंच्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तीच तारीख. दुरुस्त करून घ्या म्हटलं, तर म्हणाल्या, यंत्रानं सांगितलेल्या तारखेवर मी दवाखान्यात कधी विसंबले नाही, आता कशाला विसंबू.

आता जयपालअण्णांचं सांगायला हवं. जयपालअण्णा आमच्या कॉलनीचे अध्यक्ष, मार्केट यार्डात हळदीचं दुकान. माणूस वाईट आहे असं कुणी म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही. माझी बायको संयोगिता आजारी पडली तेव्हा त्यांनीच आपली गाडी काढली, आम्हाला मिरजेला नेलं आणि ऑपरेशन होईपर्यंत बाकड्यावर बसून राहिले. कुणाचं लग्न असो, मयत असो, अण्णा सगळ्यात आधी हजर. फक्त त्यांना एक खोड आहे. दुसऱ्याचं भलं कशात आहे ते त्यांना त्या माणसाच्या आधी कळतं, आणि मग विचारायची गरज उरत नाही.

पाच वर्षांमागं त्यांच्या मंडळींना, कस्तुरीवहिनींना, अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. अण्णांनी काही कमी केलं नाही. डॉक्टर, मालीशवाली, घरात येऊन व्यायाम घेणारा, सगळं केलं. पण बाहेर जायचं नाही. नीट चालायला लाग, मग जा, असं त्यांनी सांगितलं. वाकडं झालेलं तोंड आणि ओढत चाललेला पाय चार लोकांनी बघावा हे त्यांना सहन होणार नव्हतं. वहिनींना सहन झालं असतं, पण तो प्रश्न कुणी काढला नाही. घरात गुळगुळीत फरशी. त्या तीनदा पडल्या. चौथ्या वेळी पडायच्याऐवजी, एका दुपारी अण्णा दुकानात असताना त्या भिंत धरत बाहेर आल्या, गल्ली ओलांडली आणि बागेचा कठडा धरला.

तिथं अक्का होत्या. वहिनींनी कॅमेरा बघून तोंडावर पदर घेतला आणि माझा फोटो काढू नकोस म्हणाल्या. अक्कांनी कॅमेरा खाली केला. मग जमिनीकडे बघून म्हणाल्या, तुझा नाही काढत, मातीचा काढते.

मातीत वहिनींच्या उजव्या पायाचे ठसे होते आणि डाव्या पायाची एक सलग रेघ होती. अक्कांनी त्या रेघेचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. महिन्याच्या शेवटी त्या सगळ्या फोटोंचे, त्या त्या दिवसाच्या फळ्यासकट, दोन संच छापून आणले आणि एक संच एक्स-रेच्या जुन्या खाकी पाकिटात घालून वहिनींना दिला. घरच्यांना वाटत होतं, काही फरक नाही. फोटोत फरक होता. रेघ दोन ठिकाणी तुटली होती. पुढच्या महिन्यात ती सहा ठिकाणी तुटली. दवाखान्यात अक्का लोकांना हलू नका म्हणायच्या, इथं त्या कठड्याच्या दुसऱ्या टोकाला उभ्या राहून "चाल, वैनी" म्हणायच्या. सव्वा वर्षानं मातीत रेघच उरली नाही. दोन्ही पायांचे ठसे, डावा जरा तिरका, बस्स.

हे सगळं आम्ही बघत होतो. मी रोज चार वाजता त्याच बागेत फेऱ्या मारतो, मला दिसत नव्हतं असं कसं म्हणू? अर्ध्या कॉलनीला माहीत होतं. पण वहिनींनी सगळ्यांना हात जोडले होते, आणि अण्णा घरी यायच्या आत त्या परत जाऊन जेवणाच्या तयारीला लागलेल्या असायच्या. अण्णा सगळ्यांना सांगायचे, मिरजेच्या औषधानं गुण आला. आम्ही मान डोलवायचो. अक्कांकडून तर वहिनींनी शब्दच घेतला होता, की हे फोटो कुणाला दाखवायचे नाहीत.

मग गेल्या वर्षी दशलक्षण पर्व संपलं आणि क्षमावणीचा दिवस आला. त्या दिवशी जैन मंडळी एकमेकांपुढे हात जोडून वर्षभरात काही चुकलं असेल तर क्षमा करा म्हणतात. आम्हालाही जेवायला बोलावणं असतं. जेवणं झाली, सगळ्यांनी सगळ्यांची क्षमा मागितली, डोळे ओले झाले, आणि नेमक्या त्या वेळी अण्णांनी एक कागद फिरवला. बागेच्या जागेवर सभागृह बांधायचं, बांधकाम अण्णा स्वतः करून देणार, वर त्यांच्या वडिलांचं नाव. आता ज्या माणसापुढे दोन मिनिटांपूर्वी हात जोडले, त्याला नाही कसं म्हणायचं? मी चष्मा घरी विसरलो होतो. विसरलो नसतो तरी वाचलं नसतं. सही केली.

कागदावर काय होतं ते मी पंधरा दिवसांनी वाचलं, महापालिकेनं हरकती मागवायची नोटीस मंदिराच्या भिंतीवर लावली तेव्हा. "सदर जागा गेली दहा वर्षे विनावापर पडून असून तेथे कोणीही येत-जात नाही. तरी सदर ठिकाणी सभागृह बांधणेस आम्हा सर्व सभासदांची संमती आहे." खाली बेचाळीस घरांच्या सह्या.

माझ्या शेजारी अक्का उभ्या होत्या. त्यांनी ते दोनदा वाचलं, कॅमेरा काढला, आधी फळ्याचा फोटो घेतला, मग नोटिशीचा. "कोणीही," एवढंच म्हणाल्या, आणि घरी जाऊन हरकतीचा अर्ज लिहिला. कॉलनीतला तो एकच अर्ज होता.

भावानं घर डोक्यावर घेतलं. घर त्याच्या नावावर, सही त्याची झालेली, अक्का कॉलनीच्या सभासदही नव्हेत, मग यांचा काय संबंध? अक्कांनी त्याला सांगितलं, की सभासद नसेन, पण त्या बागेत रोज जाते, आणि कागद म्हणतो कोणी जात नाही, म्हणजे मी कोणी नाही. तेवढं ऐकून मी गप्प बसणार नाही. मग खुद्द अण्णा जिना चढून गेले. गोड बोलले. सभागृह झालं की पहिलं प्रदर्शन तुमच्याच फोटोंचं लावू म्हणाले. अक्कांनी त्यांना चहा दिला आणि विचारलं, "आणि अण्णा, त्येच्या म्होरं फोटो कशाचं काढू? भिंतीचं?"

सुनावणी महापालिकेच्या विभागीय कार्यालयात होती. सुनावणी घेणाऱ्या बाई तरुण होत्या, पण घाईतल्या नव्हत्या. अण्णांच्या बाजूनं बोलायला त्यांचा पुतण्या अरिहंत, नवा वकील. आम्ही सभासद मागच्या खुर्च्यांवर ओळीनं बसलो होतो, शाळेतल्या पोरांसारखे. अक्का खाकी पाकिटांची दोन गाठोडी घेऊन आल्या आणि टेबलावर फोटो मांडायला लागल्या. मनुबाईचा डबा. शेवया. गाद्या. बाकड्यावर पेपर वाचणारे आमचे कॉलनीकर. तिसऱ्या रांगेत माझा फोटो होता, हातात काठी, तोंड उघडं.

अरिहंतनं दोन फोटो उचलले आणि हसला. म्हणाला, मॅडम, तारीख बघा, एक जानेवारी दोन हजार बारा. हा पण एक जानेवारी, तो पण एक जानेवारी. आमच्या अक्कांनी एकाच दिवसात उन्हाळा, पावसाळा आणि महापूर बघितलेला दिसतोय. मागच्या खुर्च्यांवर लोक हसले. लाज वाटते सांगायला, पण मीही हसलो.

अक्का हसू संपेपर्यंत थांबल्या. मग दुसरं गाठोडं सोडलं. त्यात नुसते फळे होते. शेकडो फळे. प्रत्येकावर उपाध्यांच्या तिरक्या अक्षरात वीर संवत, तिथी, तारीख, सूर्यास्त. प्रत्येक फोटोमागं पेन्सिलनं नंबर, आणि त्या फळ्याच्या पुढचे नंबर त्या दिवशीच्या बागेचे. अक्कांनी बाईंना शांतपणे समजावून सांगितलं, की कॅमेऱ्याची तारीख कॅमेऱ्याची, माझी तारीख ही. सूर्यास्ताची वेळ पंचांगाशी लावून बघा. बाईंनी खरंच पंचांग मागवलं आणि पाच फळे लावून बघितले. पाचही जुळले. खोलीतलं हसू कुठच्या कुठे गेलं.

अरिहंत हार मानणारा नव्हता, आणि त्याचं पुढचं बोलणं बिनतोड होतं. फोटोत दिसणारी अर्धी माणसं बाहेरची, त्यांचा कॉलनीशी संबंध नाही. उरलेले अर्धे सभासद, आणि त्या प्रत्येकानं स्वतःच्या सहीनं लिहून दिलंय की इथं कोणी येत नाही. मग फोटो खरा की त्या माणसाची सही खरी? बाईंनी आमच्याकडे बघितलं. सही मागं घेणारं कुणी आहे का, असं त्यांनी सरळ विचारलं.

मला उठायचं होतं. माझ्या डोळ्यांपुढे दवाखान्यातल्या बाकड्यावर बसून राहिलेले अण्णा आले आणि मी खाली बघितलं. शेजारच्यानंही खाली बघितलं. सतरा वर्षं सरहद्दीवर काढलेला माणूस एका हळदीच्या व्यापाऱ्यापुढे उठू शकला नाही. बाईंनी पुढच्या मंगळवारची तारीख दिली आणि म्हणाल्या, एक तरी सभासद आणा, नाहीतर मला सह्या धरूनच लिहावं लागेल.

त्या संध्याकाळी मी अक्कांच्या खोलीवर गेलो. कपाटाच्या वरच्या खणात वहिनींच्या फोटोंचा दुसरा संच वेगळ्या पाकिटात होता, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, अक्का, बेचाळीस घरांत एकच सही खोटी आहे. अण्णांचं घर दोघांच्या नावावर, आणि वहिनींची सही अण्णांनीच केली, मी शेजारी बसून बघितली. त्या बागेत वहिनी परत चालायला शिकल्या. ते पाकीट टेबलावर ठेवा, अण्णांचं तोंड बंद होईल आणि बाग वाचेल.

अक्कांना राग आला होता, आणि तो माझ्यावर होता.

"एक्स-रे पेशंटचा असतोय, मेजर," त्या म्हणाल्या. "मी काढला म्हणून माझा हुतोय व्हय? बाग जाईल तर जाऊ दे. दुसऱ्याची हाडं दाखवून मला बाग नको."

मग म्हणाल्या, "तुमचा बी फोटो हाय की टेबलावर. त्यो का बोलंना?"

मी जिना उतरून घरी आलो आणि सगळं संयोगिताला सांगितलं. खरं सांगायचं तर अण्णांपुढे उभं राहायची हिंमत नव्हती म्हणून बायकोला सांगितलं. तिनं मला दोन शब्द सुनावले, ते इथं लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी दळणाचं निमित्त काढून ती अण्णांच्या घरी गेली आणि दोन तासांनी परत आली. वहिनी काय म्हणाल्या, विचारलं तर म्हणाली, त्यांनी फक्त सगळं ऐकून घेतलं.

मंगळवारी आम्ही परत खुर्च्यांवर ओळीनं बसलो. अक्का एकट्या टेबलापाशी. बाईंनी विचारलं, कुणी सभासद आहे? अक्कांनी सांगितलं, नाही. पण माझा अर्ज मी मागं घेत नाही, तुम्हाला विरुद्ध लिहायचं असेल तर माझं नाव घालून लिहा. आवाजात काही फरक नव्हता. अण्णांनी डोळे मिटून मान हलवली, जसं हट्टी पोराकडे बघून हलवावी.

तेवढ्यात दारात कस्तुरीवहिनी दिसल्या. हातात खाकी पाकीट. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, म्हणजे त्या जिना चढून आल्या होत्या. अण्णा ताडकन उठले आणि आधार द्यायला पुढे गेले. वहिनींनी तो हात बाजूला केला. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत आल्या, डावा पाय जरा तिरका टाकत, आणि पाकिटातले फोटो टेबलावर एकामागून एक मांडले. मातीतली लांब रेघ. तुटलेली रेघ. तुकडे. ठिपके. ठसे. प्रत्येक फोटोशेजारी त्या दिवसाचा फळा.

अण्णा वाकून बघत होते. त्यांना आधी कळलं नाही. मग कळलं. तिसऱ्या फोटोपाशी त्यांचं बोट थांबलं.

"हे कवाचं?" त्यांनी विचारलं.

"फळ्यावर लिवलंय की," वहिनी म्हणाल्या. "रोज चार वाजता. तुमी दुकानात असताना."

"मला का न्हाई सांगितलं?"

"तुमी इचारलं न्हाई. माझी सही केलासा तवा बी न्हाई इचारलं. कोणी येत न्हाई म्हणून माझ्या नावानं लिवलंय तुमी. मग ह्यो पाय कुणाचा?"

अण्णांनी खुर्ची ओढली आणि बसले. त्यांच्या तोंडावरचं सगळं शहाणपण गळून गेलं होतं आणि खाली एक घाबरलेला म्हातारा नवरा होता. मला त्यांची दया आली, पण आनंदही झाला, खोटं कशाला बोलू. अरिहंत काहीतरी बोलायला गेला, तर अण्णांनीच त्याला हातानं थांबवलं.

वहिनींनी बाईंकडून पेन मागून घेतलं. सह्यांच्या कागदावर स्वतःच्या नावापुढची ती खोटी सही खोडली, आणि ठशांच्या शेवटच्या फोटोच्या पाठीमागं, डाव्या हातानं फोटो दाबून धरत, लिहिलं, की मी या बागेत रोज येते. खाली सही केली. अक्षर वाकडंतिकडं होतं, पण वाचता येत होतं.

मग मी उठलो. एवढं सगळं झाल्यावर उठणं म्हणजे काही शौर्य नव्हे, हे मला कळतं. अर्धांगातून उठलेल्या बाईच्या मागं उभं राहून मी माझी सही खोडली. माझ्या मागं शेजारचा उठला, त्याच्या मागं अक्कांचा भाऊ. बाईंनी आणखी एक कागद मागवला, कारण सही मागं घेतो असं प्रत्येकाला लिहून द्यायचं होतं. रांग दारापर्यंत गेली. रांगेत सगळ्यात शेवटी अण्णा उभे राहिले. सभागृहाचा अर्ज त्याच दुपारी नामंजूर होऊन निकाली निघाला.

अक्का मात्र रांगेकडे बघत नव्हत्या. त्या कॅमेऱ्याचं रबर नीट बसवत होत्या. शिपाई म्हणाला, इथं फोटोला परवानगी नाही. अक्का त्याच्याकडे न बघताच म्हणाल्या, की सात वर्षं कुणाची घेतली नाही, आज कशाला घेऊ. बाईंनी शिपायाला बाजूला व्हायला सांगितलं. अक्का सरळ भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेल्या, मंगळवारच्या चौकोनावर कॅमेरा धरला आणि त्याचा फोटो काढला. आम्ही सगळे पेन हातात घेऊन थांबून राहिलो, कारण त्यांचं ते झाल्याशिवाय पुढे सरकायची आमची छाती नव्हती.

मग त्या वळल्या. रांग सोडून अण्णा टेबलापाशी वहिनींशेजारी येऊन उभे होते, फोटोसाठी उभं राहावं तसे, हात खाली सरळ.

"अण्णा, तुमी हलू नका," अक्का म्हणाल्या. "वैनी, तू चाल."

आणि वहिनी आमच्या सगळ्यांच्या देखत दाराकडे चालायला लागल्या.